वाळवंटातून धरणाकडे, भाड्याच्या सायकलवर

मनगटावरचं ते घड्याळ आधी काढून ठेवा. ते तुमच्या छातीचे ठोके मोजतं, पुढे चढ कुठे लागणार तेही सांगतं. पण आपण निघालोय तिथे त्याला काही सुचणार नाही. जेलची पाकिटं ठेवा, हेल्मेट ठेवा, ती बुडाला गादी शिवलेली तंग चड्डीही ठेवा. विशेषतः चड्डी. नामपूरच्या पेठेत ती घालून उतरलात तर सर्कस आली म्हणत पोरं वेशीपर्यंत पाठ सोडणार नाहीत.

आता डोळे मिटून एक मोठा श्वास घ्या.

कांदा, नाही का? उन्हाळ कांदा. शेताशेतात पातीखाली झाकलेल्या पोळी, ओट्यावर निवडायला पसरलेला ढीग, बैलगाडीत कांदा, अंगणात कांदा, लोकांच्या अंगाला कांदा. त्याच्या पाठोपाठ दुसरा वास येतो, आंबूस आणि गोडसर. तो गव्हाच्या चिकाचा. मातीच्या धाब्यावर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्यात आणि कावळे हाकलायला एका पोराला काठी देऊन बसवलंय.

ते पोर म्हणजे तुम्ही.

साल 1984, मे महिना. तुम्ही सोळा वर्षांचे आहात, सुट्टीला मामाकडे आलात. आखाजी होऊन दहा दिवस झाले. माहेरवाशिणी परत गेल्या, झोक्याचा दोर तेवढा निंबाच्या फांदीला लोंबतोय. खापराच्या पोळ्या आणि आमरस खाऊन आलेली सुस्ती अजून गेलेली नाही. आणि हो, गुडघे वाकवून बघा. दुखत नाहीत. एवढ्यासाठी जरी आला असाल तरी येणं वसूल.

ऊन कलल्यावर मामाचा मुलगा तुम्हाला नदीवर नेतो. नदीवर म्हणजे वाळूत. वाळवंट हा शब्द आपण राजस्थानला देऊन बसलोय; पण मराठीत तो नदीचाही आहे, पंढरीच्या वाळवंटात उंट शोधायला कोणी जात नाही. मोसमचं वाळवंट पाहायचं तर मे महिन्यातच पाहावं. चपलेच्या कडेने वाळू आत शिरते आणि बोटांमध्ये चटका बसतो. पात्राच्या मधोमध बायांनी झिरे खणलेत, कंबरभर खोल. तळाशी वाटीभर पाणी जमतं, ते कळशीत ओतायचं, पुन्हा जमेपर्यंत थांबायचं. एक बाई झिऱ्यात उतरलेली असते, तिचा फक्त हात वर येतो, हातात वाटी. बाकीच्या काठावर उकिडव्या बसून गप्पा मारत असतात. घाई कोणालाच नाही, कारण घाई करून पाणी वर येत नाही.

"मागच्या महिन्यात इथेच गुडघाभर पाणी होतं," मामाचा मुलगा म्हणतो. "आवर्तन सुटलं होतं."

"कुठून?"

तो मावळतीकडे हनुवटी उडवतो. हरणबारी. मुल्हेरच्या वरच्या अंगाला मोसम अडवलीय, तिथे म्हणे भर उन्हाळ्यात निळं पाणी असतं. तुम्ही दोघं त्या झिऱ्याकडे पाहता, मग एकमेकांकडे. बेत ठरायला यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. जाऊन बघू. सायकलवर.

तुमच्या काळात असा बेत पडद्यावर होतो. बोटाने रेघ ओढली की किलोमीटर, चढ, उतार, वाटेतली उपाहारगृहं सगळं हजर. इथे रात्री धाब्यावर वाकळा टाकल्या की बेत सुरू होतो, आणि तो तुम्ही करत नाही, आप्पा करतात. आप्पा म्हणजे मामांचे वडील. उमेदीची सारी वर्षं ते फडावर पाटकरी होते. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. अख्ख्या फडात ठरलेलं एकच पीक आणि बारीप्रमाणे प्रत्येकाला पाणी. ते पाणी फिरवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या डोक्यातला नकाशा वेगळाच असणार.

"कथा चालनात रे भो?" अंधारातून आवाज येतो. कुजबुज ऐकू गेलेली असते.

"हरणबारीले."

"सायकलवर? येडा व्हयनात का?"

एवढं बोलून ते गप्प होतात. तुम्हाला वाटतं, संपलं. पण विडीचं टोक एकदा लाल होतं आणि आप्पा उठून बसतात. किती लांब, हे ते विचारतच नाहीत. तीस किलोमीटरच्या वर आहे हे तुम्ही सांगू पाहता, ते हात झटकतात. त्यांचे प्रश्न तीनच. पाणी कुठे, सावली कुठे, चंद्र कुठे.

आणि मग जे काही ऐकायला मिळतं, ते ऐकून तुमचं ते काढून ठेवलेलं घड्याळ लाजेने काळं पडावं. उद्या बुद्धपौर्णिमा. पहाटे साडेतीनला निघालात तर चंद्र मावळतीकडे कललेला, म्हणजे तुमच्या तोंडासमोर. दिवा लागायचा नाही. जाताना नदीच्या उलट जायचं, म्हणजे चढ; पण तो गारव्यात उरकेल, आणि पहाटे वारा झोपलेला असतो. सूर्य निघेल तो पाठीवर, डोळ्यांत नाही. दुपार धरणावर झाडाखाली काढायची, चारच्या आत हलायचं नाही. दुपारनंतर वारा पश्चिमेचा सुटतो, तो परतताना पाठीशी. नदीबरोबर खाली यायचं, म्हणजे उतार. ऊन पुन्हा पाठीवरच. आणि अंधार पडेतो पुनवेचा चंद्र समोर उगवलेला. जाताना चंद्र पुढे, येताना चंद्र पुढे. वर्षातून असे दिवस मोजके.

मी पुष्कळ सायकलवाल्यांचे बेत पाहिलेत. कोणत्या गिअरवर कुठला चढ घ्यायचा याचा तक्ता करणारेही पाहिले. इतका नीट बेत कोणी केलेला पाहिला नाही, आणि हा करणारा माणूस जन्मात सायकलवर बसलेला नव्हता.

पण एक राहिलं. तुमच्याकडे सायकल कुठे आहे? ते काम तुम्ही संध्याकाळीच उरकलंय, त्यामुळे जरा मागे, पेठेत चला. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक निंब. रबर सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास, काळं ग्रीस, खिळ्यांना टांगलेले टायर, पाण्याचं फुटकं घमेलं. विविध भारती चालू आहे आणि तात्या मांडीवर चाक घेऊन आरे पिळतायत. तासाला आठ आणे, दिवसाचे चार रुपये. दोन सायकली. तात्या वही काढतात. नाव लिहीत नाहीत. आधी वर बघतात.

"कोना पोर्‍या शे तू?"

मामाचं नाव सांगितलं की मगच पेन्सिल टेकते. तुमच्या वाट्याला नऊ नंबर. चोवीस इंची अ‍ॅटलस, मागचा मडगार्ड तारेने बांधलेला. घाई करू नका, तपासून घ्या. पायटा पकडून हलवा. खडखडला तर कॉटर पिन झिजलीय. मागचं चाक उचलून फिरवा, फ्रीव्हील कसं टिकटिकतं ते ऐका. सीट कातड्याची, स्प्रिंगची, उन्हात वाळून लाकूड झालेली. (ती चड्डी आठवली ना? आठवू दे.) तात्या स्वतः पुढे होऊन घंटी वाजवतात. ट्रिंग. "टोपी आहे, पाहून घे," ते म्हणतात आणि वहीत तेही लिहितात.

आता तीन वाजलेत. कोणी हलवून उठवत नाही, चुलीच्या धुरानेच जाग येते. आजी कळण्याच्या भाकरी थापतेय. फडक्यात भाकरी, मिरच्यांचा खुडा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. मग ती तुमच्या खिशात एक कांदा कोंबते आणि मामाच्या मुलाच्या खिशात एक. खायला नाही, ऊन लागू नये म्हणून. शास्त्र विचारू नका, ठेवा. पाण्याच्या दोन बाटल्यांना गोणपाट शिवलंय, ते भिजवून हँडलला बांधायचं. वारा लागला की पाणी गार. पंप नळीला सुतळीने. डबीत सोल्युशनची ट्यूब, काचकागद, जुन्या ट्यूबचा तुकडा, दोन चमच्यांचे दांडे.

निघा.

चंद्र खरंच समोर आहे, जरा डावीकडे, पितळी. रस्ता दुधाचा. साखळी कुरकुरते, मडगार्डची तार टिणटिणते, आणि एवढाच काय तो या खोऱ्यातला आवाज. दिवसभर तापलेलं डांबर अजून कोमट आहे, ते पायांना जाणवतं. वरून वारा गार. असे दोन थर अंगावर घेत तुम्ही जाता. जायखेडा झोपलेलं. अंगणाअंगणात बाजा, बाजांवर पांढऱ्या चादरी, कुठे खोकला. रस्त्याकडेच्या निंबांना चुना आणि गेरूचे पट्टे आहेत, ते एकेक करून मागे पडतात.

सोमपूरच्या आसपास एका वावरात पांढरा ढीग दिसतो. धुकं म्हणावं तर मे महिना. तो ढीग एकदम बेंबटतो. ठेलाऱ्यांच्या मेंढ्या, खतासाठी वावरात बसवलेल्या. आणि मेंढ्या आहेत म्हणजे… हो, कुत्री! पाय वर घ्या! हँडलवर घ्या दोन्ही पाय! नऊ नंबर आपोआप पळते, एक काळं कुत्रं टाचेपासून वीतभर अंतरावर, त्याच्या श्वासाचा उकाडा पोटरीला लागतो. अंधारातून ठेलाऱ्याची शीळ येते आणि ते कुत्रं, जणू काही झालंच नाही, असं वळून निघून जातं. पुढचे दोन किलोमीटर तुम्ही कसे कापता ते तुम्हाला कधीच कळणार नाही. ते घड्याळ असतं तर ठोक्यांचा आकडा पाहून घाबरलं असतं.

ताहाराबादला उजाडतं. स्टँडवर पहिली लाल एसटी घुरघुरतेय, डिझेलचा धूर आणि चहाच्या आल्याचा वास एकमेकांत मिसळलेत. कपबशीतून चहा, बशीत ओतून, फुंकर घालत. उजव्या हाताला दोन सुळके उभे आहेत, मांगी आणि तुंगी. त्या डोंगराच्या पोटात एक 108 फुटांची मूर्ती आहे. ती घडून बाहेर यायला, डोळे उघडायला 2016 साल उजाडायचंय. चहावाल्याला हे सांगू नका. तो उधारी लगेच वसूल करील.

आणि अंतापूरच्या अलीकडे, ऊन नुकतंच मानेवर आलेलं असताना, सायकल जड होते. मागून फस्स. बाभळीचा काटा.

सायकल उलटी. चमच्याचे दांडे घालून टायर सोडवायचा, ट्यूब ओढायची, हवा भरायची. इथवर ठीक. पण भोक कुठे आहे ते शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते, बुडबुडे यावे लागतात. तुमच्याभोवती काय आहे बघा. काळा खडक, पिवळं गवत, रुईची झुडपं, कोरडा पाट. क्षितिजावर पाणी चमकतंय खरं, पण ते मृगजळ. एक बाटली केव्हाच संपली, दुसरीत अर्धं. आता सांगा, पाणी ट्यूबला की पोटाला?

मामाचा मुलगा ट्यूब ओठांजवळ धरून हळूहळू सरकवतो. ओठ ओला केलेला, डोळे मिटलेले, बासरी वाजवावी तसा. इथे वाटतं, तो म्हणतो. की इथे? दोन जागांचा संशय. मग तो तुमच्या घंटीची टोपी पिळून काढतो, उलटी धरतो, मधल्या भोकाला खालून अंगठा लावतो. तुम्ही बाटलीतलं घोटभर पाणी त्यात ओतता. एवढीशी वाटी. ट्यूबचा संशयित भाग दुमडून त्यात बुडवला. काही नाही. दुसरा भाग. तुमची दोन डोकी त्या टोपीवर वाकलेली, घाम नाकाच्या शेंड्यावरून त्याच पाण्यात टपकतो. आणि मोहरीएवढा एक बुडबुडा येतो. मग दुसरा. काल झिऱ्यात वाटी धरून बसलेल्या बाईचा चेहरा कसा होता, तसाच आता तुमचा आहे.

काचकागदाने घासा, सोल्युशन लावा, वाळू द्या, तुकडा दाबा, दगडाने ठोका. टोपीतलं पाणी? फेकता कुठे! मानेवर घ्या.

मुल्हेरपर्यंत ऊन चांगलंच चढतं. डावीकडे किल्ला, त्याच्या दोन बाजूंना मोरा आणि हरगड. डांबर मऊ व्हायला लागलंय, टायर त्यावरून चरचर करत जातात, जणू कोणी सावकाश कापड फाडतंय. गावाबाहेर निंबाखाली पाणपोई आहे. रांजणांना ओलं गोणपाट, आतून वाळ्याचा वास. म्हातारी काही विचारत नाही, ओंजळीत पाणी ओतत राहते. पहिल्या ओंजळीनंतर मात्र हात आखडते आणि गुळाचा खडा पुढे करते. तापून आलेल्याने एकदम ढोसायचं नाही. खडा चघळा, मग मिळेल.

शेवटचा चढ पायी. सायकल ढकलत. हातांना हँडल भाजतं, घाम डोळ्यांत जातो, खिशातला कांदा शिजल्यासारखा मऊ झालाय. समोर एक लांबच लांब मातीची भिंत, तिच्यावर काळ्या दगडांचं पिचिंग. बास? एवढंच? चढा तर खरं.

आधी वास येतो. ओल्या चिखलाचा, शेवाळाचा, माशांचा. डोकं भिंतीच्या वर निघतं आणि तोंडावर गार झुळूक आदळते. मग ते दिसतं.

डोळ्यांना निळा रंग विसरायला झाला होता, हे आत्ता कळतं. कालपासून तुम्ही पिवळा, राखी आणि काळा एवढेच रंग पाहताय. पाणी उतरलंय, काठाने रुंद तपकिरी पट्टा उघडा पडलाय आणि त्याला भेगा. पण मधे ते आहे, हलतंय, चमकतंय, आणि जवळ गेलात तरी नाहीसं होत नाही. तुमच्या काळात हरणबारी भरलं की बातमी येते, 1,166 दशलक्ष घनफूट. मी तो आकडा कितीदा वाचला, काही बोध झाला नाही. घंटीच्या टोपीत घोटभर पाणी ओतून आलेल्याला तो सांगावा लागत नाही.

पळत सुटू नका! काठचा चिखल वरून वाळलेला, आतून खीर आहे, मांडीपर्यंत जाल. गाळपेर केलेल्या वेलांच्या बाजूने जा, तिथे वाट पडलीय. वेलाखाली कलिंगडं लोळतायत. राखणदार एक उचलतो, गुडघ्यावर फोडतो, पैसे घेत नाही. नामपूरहून सायकलवर आलेत, एवढंच तो दुसऱ्याला ओरडून सांगतो आणि दोघं हसतात. पिचिंगच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडा. पोटऱ्या आधी चुरचुरतात, मग गारवा हाडात चढत जातो. आंब्याखाली भाकरी सोडा. खुड्याने नाक वाहायला लागतं, गार पाणी आहे, पुन्हा खुडा, पुन्हा पाणी. मग फडकं तोंडावर घेऊन झोपा. वावटळी दूर माळावर नाचत असतात, नाचू देत. चारच्या आत हलायचं नाही, आप्पांचा हुकूम आहे.

परतीचं सांगण्यासारखं फार नाही, कारण परत येताना पायटे मारावेच लागत नाहीत. वारा पाठीला हात लावून ढकलतो. उतार. पाठीवर ऊन, आणि तुमची सावली पुढे पुढे लांब होत पळते. ठेलाऱ्यांच्या कुत्र्यांनी दिवसाउजेडी तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेवढा अपमान सोसा. जायखेडा मागे पडतं आणि समोर धुळीतून तांबूस, परातीएवढा चंद्र वर येतो, अगदी म्हाताऱ्याने सांगितला होता तिथेच.

तात्या पत्रे लावतच असतात. नऊ नंबर आत घेतात, दोन्ही टायर अंगठ्याने दाबतात, मागच्या चाकाचा तुकडा चाचपतात आणि मान डोलावतात. पंक्चर चांगलं काढलंय. मग सवयीने घंटीचा खटका दाबतात.

खट्.

तुम्ही मामाच्या मुलाकडे बघता, तो तुमच्याकडे. टोपी अंतापूरच्या अलीकडे, रुईच्या झुडपाखाली, एका चपट्या दगडावर आहे. मानेवर पाणी घेतलं आणि तिथेच ठेवली.

तात्या वही उघडतात, जिभेला पेन्सिल लावतात. दोन सायकली, दिवसाचे आठ रुपये. टोपी, दोन रुपये. तुमच्या दोघांच्या खिशात मिळून निघतात साडेआठ, आणि दोन मऊ कांदे. कांदे ते परत करतात. दीड रुपया बाकी, मामाच्या नावावर.